प्रोस्टेटच्या कर्करोगात हळद, ॲस्पिरिन आणि कंबरदुखीची गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी प्रोस्टेटचा कर्करोग सापडला, तेव्हाच तो हाडांत पोचलेला होता. तीन महिन्यांनी एकदा हार्मोनचं इंजेक्शन, रोज ॲबिराटेरॉन (शरीरात टेस्टोस्टेरॉन बनणं रोखणारी कर्करोगाची गोळी) आणि प्रेडनिसोलोन, शिवाय रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी. हृदयविकार किंवा पक्षाघात कधी झालेला नाही. पीएसए (आजाराचा जोर दाखवणारी रक्ततपासणी) खाली आहे, तब्येत बरी आहे. परदेशातल्या भावाने करक्युमिन (हळदीतलं द्रव्य) आणि पिपरीन (मिरीतलं द्रव्य) यांच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. एका नातेवाइकाने रोज एक ॲस्पिरिन द्यायला सांगितलं आहे. कंबर दुखली की वडील मेडिकलमधून आणलेली ॲसिक्लोफिनॅकची गोळी घेतात. कर्करोगामागे दाह असतो असं वाचल्यामुळे मुलीला वाटतं, दाह कमी करणारं जे जे आहे ते द्यावं. त्यात काही चूक आहे का? आणि रात्री हळदीचं दूध तरी चालेल का?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारण मग पुढचं शांतपणे वाचता येईल. स्वयंपाकातली हळद, आलं, लसूण, मिरी जशी चालली आहे तशी चालू द्या. कॅप्सूल आजपासून बंद करा. ॲस्पिरिन सुरू करू नका. कंबरेच्या गोळीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली.

मी मिरजेत पंचवीस वर्षं मूत्रमार्गाच्या रोगांवर आणि त्यातल्या कर्करोगांवर उपचार करतो. द्राक्षबागेत राबणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, वय तुमच्या वडिलांच्याच आसपास, आजार तोच. तीन महिने पाठ दुखत होती. गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, मधूनच एखादं इंजेक्शन, यावर ते दिवस काढत होते. गोळीने दुखणं थांबायचं, म्हणून मुलांना वाटलं की कामाचा त्रास आहे. एका सकाळी ते पलंगावरून उठले आणि पाय वळेनात. कर्करोगाने मणक्यातून आत शिरून मज्जारज्जू दाबला होता. मज्जारज्जू दाबला गेला असेल तर उपचार सुरू होताना माणूस स्वतःच्या पायांवर चालतो आहे की नाही, यावर तो पुढे चालेल की नाही हे बरंचसं ठरतं. ते स्ट्रेचरवर आले. रेडिएशन दिलं, स्टेरॉइड दिलं, दुखणं गेलं. पाय परत आले नाहीत. त्या गोळ्यांनी त्यांना अपाय केला असं मी म्हणत नाही. गोळ्यांनी फक्त दुखणं गप्प केलं, आणि त्या तीन महिन्यांत दुखणं तेवढंच काहीतरी सांगत होतं.

म्हणून वडिलांना आजच विचारा. कंबरेचं दुखणं जुनंच आहे की गेल्या काही आठवड्यांत नव्याने सुरू झालं? रात्री आडवं झाल्यावर वाढतं का? खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना कळ येते का? छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं का? यातल्या कशाचंही उत्तर होय असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तुमच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन करा. पाय जड झाले, जिना चढताना गुडघ्यातून गेल्यासारखं वाटलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रात्र असली तरी.

आता त्या गोळीविषयी. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एका घराण्यातली औषधं. शरीरात सूज आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवणारं विकर (एन्झाइम) ती रोखतात. हाडांत पोचलेल्या कर्करोगाच्या गाठीभोवती ही द्रव्यं भरपूर असतात, म्हणून हाडांच्या दुखण्यावर ही औषधं खरोखर गुण देतात. मी स्वतः ती लिहून देतो. पण लिहून देण्याआधी तीन गोष्टी पाहतो, आणि त्या तिन्ही तुमच्या वडिलांच्या बाबतीत विरुद्ध बाजूला पडतात.

पहिली, पोट. तुमचे वडील रोज प्रेडनिसोलोन घेतात. प्रेडनिसोलोन म्हणजेच स्टेरॉइड, दाह कमी करणाऱ्या औषधांतलं सगळ्यात ताकदवान. दाह कमी करणारं काहीतरी द्यावं असं तुम्हाला वाटतं, ते दीड वर्षापासून रोज त्यांच्या पोटात जातं आहे. त्यात ॲसिक्लोफिनॅकची भर पडली की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका दोन्हींच्या एकेकट्या धोक्यापेक्षा कितीतरी वाढतो. वर ॲस्पिरिन दिली तर आणखी. शौचाला काळी, डांबरासारखी होऊ लागली तर ते जठरातलं रक्त समजा आणि थेट रुग्णालय गाठा. (आणि इथेच सांगून ठेवतो: स्टेरॉइड वाईट असं कोणीतरी म्हणतं म्हणून प्रेडनिसोलोन मनाने बंद करू नका. ॲबिराटेरॉनमुळे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारी हार्मोन्स वाढतात, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. ते आवरायला ती छोटी गोळी असते. शिवाय महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर माणूस कोलमडू शकतो.)

दुसरी, मूत्रपिंड. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं औषध आणि वर वेदनाशामक, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी कमी होतो. एरवी चालून जातं. पण जुलाब झाले, उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं, ताप आला, की दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) दुप्पट झालेले रुग्ण मी दर वैशाखात पाहतो. प्रोस्टेटच्या रुग्णाला त्यात आणखी एक अडचण असते. गाठीमुळे लघवी पूर्ण सुटत नसेल तर मूत्रपिंडावर आधीच मागून दाब असतो. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असेल तर तेही मूत्रपिंडाला जड जातं, आणि त्याचा डोस मूत्रपिंडाच्या कामावरच ठरवतात. तिसरी गोष्ट रक्तदाब आणि पायांवरची सूज. या गोळ्यांनी दोन्ही वाढतात, आणि ॲबिराटेरॉननेही तेच होतं.

मग दुखलं तर काय करायचं? आधी पॅरासिटामॉल. ते दाहशामक नाही, पण पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना सुसह्य आहे. दिवसाला ३ ग्रॅमच्या आत ठेवा, आणि एक लक्षात ठेवा की मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ॲसिक्लोफिनॅकच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं. नावं वेगळी म्हणून दोन्ही घेतली जातात आणि मोजमाप चुकतं. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. निमेसुलाइड ही वेदनाशामक गोळी घरात असेल तर ते द्यायचंच नाही. त्याचा यकृतावर भार पडतो आणि ॲबिराटेरॉनचाही पडतो. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर तुमचे डॉक्टर क्रिएटिनिन पाहून, सोबत पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल देऊन, पाच-सात दिवसांसाठी ही गोळी सुचवतीलही. ते वेगळं आणि मेडिकलमधून पट्टी आणून मनाने घेणं वेगळं. दुखणं एकाच हाडात असेल तर ८ ग्रे एवढ्या डोसचं रेडिएशन एकाच बैठकीत देता येतं आणि बहुतेकांना त्याने आराम पडतो. गोळ्यांवर वर्षभर रेटण्यापेक्षा एक दिवस रुग्णालयात जाणं कधीही चांगलं. आणि पुढे कधी मॉर्फीन लिहून दिलं तर ते शेवटचं म्हणून घाबरू नका. मूत्रपिंड नाजूक असलेल्या माणसाला दिवसाला दोन-दोन दाहशामकं देण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेलं मॉर्फीन मला पत्करतं.

आता तुमच्या मूळ विचाराकडे येतो, कारण तो खुळा नाही. प्रोस्टेटच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की त्यांच्या शेजारी दाहाच्या पेशींची गर्दी वारंवार दिसते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रोस्टेटमधल्या झिजलेल्या, दाह असलेल्या जागांचं वर्णन केलं आणि कर्करोगाची सुरुवात तिथून होत असावी असं मांडलं. तो विचार आजही टिकून आहे. पण तो सुरुवातीविषयी आहे. भिंतीत ओल शिरते आणि तिथे पिंपळ रुजतो. पिंपळ भिंत फोडून वर आला, त्याची मुळं घराच्या पायात गेली, की मग ओल पुसून तो वाळत नाही. तुमच्या वडिलांचा आजार टेस्टोस्टेरॉनवर जगतो, आणि हार्मोनचं इंजेक्शन व ॲबिराटेरॉन ते पाणी तोडतात. पीएसए खाली आहे तो त्यामुळे.

हा नुसता तर्क नाही, करून पाहिलेलं आहे. ब्रिटनमधल्या स्टॅम्पीड नावाच्या मोठ्या चाचणीत पसरलेल्या किंवा पसरण्याचा धोका जास्त असलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांना हार्मोन उपचारांसोबत सेलेकॉक्सिब दिलं गेलं, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभरापर्यंत. सेलेकॉक्सिब म्हणजे याच घराण्यातलं, खास दाहाच्या विकरावर नेम धरणारं औषध. प्रयोगशाळेत त्याने प्रोस्टेटच्या कर्करोगपेशी मरत होत्या. माणसांत फायदा दिसेना, म्हणून २०११ मध्ये त्या गटांत नवे रुग्ण घेणं थांबवलं. त्याच चाचणीच्या दुसऱ्या गटांत ॲबिराटेरॉन आणि डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाने आयुष्य वाढवलं, आणि आज तुमच्या वडिलांना मिळणारा उपचार त्यातूनच आला आहे. एकाच मोजपट्टीवर दोन्ही मोजली गेली आहेत, म्हणून मी त्या निकालाला इतकं महत्त्व देतो.

ॲस्पिरिनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. ॲस्पिरिन घेणारे पुरुष प्रोस्टेटच्या कर्करोगाने कमी मरतात असं काही निरीक्षणांत दिसलं, काहींत दिसलं नाही. अशा निरीक्षणांत एक पेच असतो: हृदयासाठी ॲस्पिरिन घेणारा माणूस डॉक्टरांकडे नियमित जातो, त्याचा आजारही लवकर सापडतो. हा पेच सोडवायला ॲड-ॲस्पिरिन नावाची चाचणी २०१५ मध्ये सुरू झाली. ब्रिटन, आयर्लंड आणि भारत मिळून ती करतात, आणि आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलने तिची धुरा घेतली. त्यात प्रोस्टेटसह चार प्रकारचे कर्करोग आहेत, आणि १०० किंवा ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनची तुलना नुसत्या दिसायला सारख्या गोळीशी केली जाते. पण नीट पाहा: ती चाचणी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनने आजार काढून टाकलेल्या रुग्णांसाठी आहे, तो परत येऊ नये म्हणून. तुमच्या वडिलांची परिस्थिती ती नाही.

त्यांच्या वयाच्या माणसांविषयी आपल्याकडे दुसरी, फार मोठी माहिती आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत ॲस्प्री नावाच्या चाचणीत १९,११४ निरोगी ज्येष्ठांना, बहुतेक सत्तरीपुढच्यांना, रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली. २०१८ मध्ये निकाल आले. मोठे रक्तस्राव ॲस्पिरिनच्या गटात जास्त, आणि कर्करोगाने झालेले मृत्यूही थोडे जास्त, ३.१ टक्के विरुद्ध २.३ टक्के. हे का झालं याचा उलगडा अजून झालेला नाही, आणि या एका निकालावरून ॲस्पिरिन कर्करोग वाढवते असं मी म्हणणार नाही. पण हृदयविकार नसलेल्या ७१ वर्षांच्या, रोज स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाला नातेवाइकाच्या सल्ल्याने ॲस्पिरिन सुरू करायची नाही, एवढं मी ठामपणे सांगेन. याची उलट बाजूही तितकीच ठाम आहे. ज्यांना स्टेंट बसवलेला आहे, ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे, त्यांनी हे वाचून ॲस्पिरिन बंद करायची नाही. हार्मोनच्या उपचारांनी वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढण्याकडे कल असतो आणि हृदयाला जपावंच लागतं.

आता हळद. आमच्याकडे सांगलीची हळद म्हणजे घराघरातली लक्ष्मी. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत आलेल्या घरांतली माणसं माझे रुग्ण आहेत. त्यामुळे हळदीविषयी बोलताना मी मोजून बोलतो, आणि मोजण्यातच सगळं आहे. साध्या हळदीत करक्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के असतं, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत त्याहून बरंच जास्त. भाजी-आमटीतून दिवसाला दोन ग्रॅम हळद गेली तर करक्युमिन साठ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलं रक्तात जवळजवळ काहीच पोचत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत ते लगेच बदलून बाहेर टाकतात, आणि रक्ताइतक्या किंचित अल्कधर्मी द्रवात ते अर्ध्या तासात बहुतांश विघटित होतं. प्रयोगशाळेतल्या ज्या प्रयोगांवरून बातम्या येतात, त्यांत पेशींवर थेट जेवढं करक्युमिन ओततात, तेवढं दिवसाला आठ-आठ ग्रॅम गिळूनही रक्तात येत नाही.

इथे मिरी येते. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं आणि रक्तातलं करक्युमिन वीस पट वाढलेलं पाहिलं. २० मिलिग्रॅम पिपरीन म्हणजे साधारण आठ-दहा मिरीदाणे. तुमच्या भावाने पाठवलेल्या डब्यांवर जो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असेल तो इथून आला आहे. आकडा खरा आहे, पण ती वाढ अत्यल्प गोष्टीची आहे आणि तासाभरात ओसरते. पिपरीन हे कसं साधतं ते समजून घ्या: परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारी यकृताची आणि आतड्याची विकरं ते मंद करतं. करक्युमिनपुरतंच मंद करत नाही. डोसेटॅक्सेलसारखी केमोथेरपीची औषधं, रक्त पातळ करणारी काही औषधं त्याच वाटेने जातात. फोडणीतल्या चार मिऱ्यांनी काही होत नाही. रोज कॅप्सूलमधून शुद्ध पिपरीन घेणं हा औषधांत ढवळाढवळ करणारा डोस आहे.

माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्या मी आशेनेच वाचतो. कोरियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हार्मोनचे उपचार मधे मधे थांबवून घेणाऱ्या ९७ पुरुषांना सहा महिने रोज १,४४० मिलिग्रॅम करक्युमिन किंवा खोटी गोळी दिली. करक्युमिन चालू असेपर्यंत पीएसए चढल्याचं प्रमाण कमी दिसलं, १० टक्के विरुद्ध ३० टक्के. पण ज्याच्यासाठी चाचणी केली तो काळ, म्हणजे हार्मोनचं औषध पुन्हा सुरू करावं लागेपर्यंतचे महिने, दोन्ही गटांत सारखा निघाला. याचा मी लावलेला अर्थ असा: काही गोष्टी पीएसएचा आकडा हलवतात आणि आजाराला धक्का लावत नाहीत. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये हार्मोनला दाद न देणाऱ्या आजारात डोसेटॅक्सेलबरोबर करक्युमिनचा मोठा डोस देऊन पाहिला. फायदा होण्याची शक्यता दिसेना म्हणून चाचणी मधेच थांबवली. तो डोस दिवसाला ६ ग्रॅमचा होता. आपल्या घरच्या हळदीतून तेवढं करक्युमिन मिळवायचं तर रोज दोनशे ग्रॅम हळद खावी लागेल. ब्रिटनमधली २०१४ ची एक चाचणी बरीच सांगितली जाते. डाळिंब, ग्रीन टी, ब्रोकोली आणि हळद एकत्र असलेली गोळी १९९ पुरुषांत वापरली आणि सहा महिन्यांत पीएसए कमी वेगाने वाढला, १४.७ टक्के विरुद्ध ७८.५ टक्के. आकडा डोळ्यात भरतो. तोही पीएसएचाच आहे, चार गोष्टींपैकी कशामुळे हे कळत नाही, आणि ते पुरुष तुमच्या वडिलांसारखे हार्मोनच्या उपचारांवर नव्हते. डाळिंबाविषयी बोलायचं तर कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात २००६ मध्ये रसाने मोठी आशा लावली होती. पुढे खोट्या पेयाशी तुलना केली तेव्हा फरक उरला नाही. सोलापूरचं डाळिंब गोड आहे, वडिलांना आवडत असेल तर खाऊ द्या.

फायदा झाला नाही तरी नुकसान काय, असा प्रश्न मला रोज विचारला जातो. नुकसान यकृताचं. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांच्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आलेल्या दहा जणांची माहिती मांडली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये अशाच इजेविषयी जाहीर सावधगिरीची सूचना दिली. हे दुर्मिळ आहे आणि बऱ्याचदा विशिष्ट जनुकं असलेल्यांनाच होतं. तरी तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी तो धोका घेणार नाही, कारण ॲबिराटेरॉननेही यकृताची विकरं वाढू शकतात. म्हणूनच ते सुरू केल्यावर पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासतो. उद्या त्यांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं दाखवणारं विकर, चढलं तर ते कॅप्सूलने चढलं की ॲबिराटेरॉनने, हे सांगायला कोणालाच जमणार नाही. मग डॉक्टर आधी ॲबिराटेरॉन थांबवतील. ज्याच्यावर आयुष्य अवलंबून आहे ते औषध एका भेट आलेल्या डबीमुळे थांबणं, हे मी माझ्या दवाखान्यात पाहिलं आहे आणि तेव्हा फार वाईट वाटलं होतं. भावाला हे वाचायला द्या. त्याने प्रेमाने पाठवलं आहे, त्याला दुखावू नका. त्यापेक्षा त्याला सुट्टीत यायला सांगा आणि वडिलांबरोबर चालायला पाठवा.

हळद मात्र चांगली आणा. भडक पिवळा रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य मिसळल्याचं बांगलादेशात आणि आपल्याकडे पाटणा, गुवाहाटीकडच्या नमुन्यांत आढळलं आहे. शिसं मूत्रपिंडालाही घातक. हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेणं हा आपल्या आज्यांचा रिवाज या बाबतीत सगळ्यात भरवशाचा.

बाकी मसाल्यांविषयी थोडक्यात. आलं, सुंठ, लसूण, लवंग, दालचिनी जेवणात कितीही सुखाने वापरा. त्यांचे अर्क, तेलं आणि कॅप्सूल नकोत; लसूण आणि आल्याचे मोठे डोस रक्त गोठणं थोडं मंदावतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ते महागात पडतं. डोसेटॅक्सेलसारख्या केमोथेरपीने तोंडाची चव जाते, अन्नावरची वासना उडते. अशा वेळी सुंठ घातलेली कढी, लसणाची चटणी यांनी माणूस दोन घास जास्त खातो, आणि त्याचा उपयोग मला कॅप्सूलपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

तुम्ही विचारलं नाही, पण घरोघरी असतंच म्हणून सांगतो: अश्वगंधा, शिलाजित, ताकदीची म्हणून मिळणारी चूर्णं बंद. अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन थोडं वाढल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. आपण हजारो रुपये खर्चून जे खाली आणतो, ते दुसऱ्या हाताने वर कशाला न्यायचं? आणि लेबल नसलेल्या पुड्या, विशेषतः सांधेदुखीच्या, अजिबात नकोत. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक दळून घातलेलं असतं, म्हणूनच त्या इतक्या लवकर गुण देतात. अमेरिकेत पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण खास प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी विकलं जायचं आणि त्याने पीएसए खरोखर उतरायचा. २००२ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. तपासणीत त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि इंडोमेथासिन नावाचं दाहशामक सापडलं होतं. गुण त्या कृत्रिम इस्ट्रोजेनचा होता. लोकांना तो वनस्पतींचा वाटला.

हे वाचणाऱ्यांत ज्यांचे उपचार वेगळे आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. डोसेटॅक्सेल चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर आधी फोन, मग गोळी. दाहशामकाने किंवा पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ते जिवावर बेतू शकतं. प्रोस्टेटवर रेडिएशन झालेल्यांना महिन्यांनी, कधी वर्षांनी, शौचावाटे रक्त जाऊ लागतं. ॲस्पिरिन आणि वेदनाशामकांनी ते वाढतं, म्हणून ती घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

दाह कमी करायचाच असेल तर मी चालण्यावर भर देईन. पोटावरची चरबी स्वतःच दाहाची द्रव्यं सोडते आणि हार्मोनचं इंजेक्शन ती चरबी वाढवतं, स्नायू घटवतं. अमेरिकेतल्या एका निरीक्षणात, आजार पसरलेला नसलेल्या पुरुषांत आठवड्याला तीन तास किंवा अधिक भरभर चालणाऱ्यांचा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी दिसलं. तेही निरीक्षणच आहे, वर सांगितलेला पेच त्यालाही लागू आहे. पण चालण्याने मूत्रपिंड बिघडत नाही, आणि हाडं, साखर, मन तिन्ही सावरतात हे मला रोज दिसतं. हाडांत गाठी आहेत म्हणून वजनं उचलण्याआधी फिजिओथेरपिस्टला स्कॅन दाखवा. मासे खात असाल तर बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, तळण्यापेक्षा कालवण करून. लॉस एंजेलिसमध्ये १०० पुरुषांवर वर्षभर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत माशांतली मेदाम्लं वाढवून आणि तळणाच्या तेलांतली कमी करून कर्करोगपेशींच्या वाढीचा निर्देशांक खाली आला. ग्लीसन श्रेणीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गाठ किती आक्रमक दिसते त्यात, फरक पडला नाही, आणि त्यांचा आजार लहान, नुसत्या देखरेखीखालचा होता, हे लक्षात ठेवून मी ते सांगतो.

राहिलं हळदीचं दूध. द्या. पण वेळ पाहून. ॲबिराटेरॉन १,००० मिलिग्रॅमचा डोस असेल तर तो रिकाम्या पोटीच घ्यायचा असतो: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. पोटात तेल-तूप असलं की ते औषध रक्तात अनेक पटींनी जास्त शिरतं, भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर दहा पटींपर्यंत. हळदीच्या दुधात आपण तूप घालतो, साय असते, आणि बरेच जण नेमकं त्याच दुधाबरोबर रात्रीच्या सगळ्या गोळ्या गिळतात. तुमचे वडील ॲबिराटेरॉन रात्री घेत असतील तर डॉक्टरांना विचारून ते पहाटे उठल्यावर घ्यायचं ठरवा आणि चहा तासाभराने द्या. काही डॉक्टर खर्च वाचवण्यासाठी २५० मिलिग्रॅमची गोळी मुद्दाम हलक्या नाश्त्याबरोबर देतात. वडिलांना तसं सांगितलेलं असेल तर तो नाश्ता रोज सारखाच ठेवा, एक दिवस उपमा आणि दुसऱ्या दिवशी तुपातला शिरा असं नको. दूध रात्री साडेनऊला, पाव चमचा हळद, मिरी घालायची तर दोन दाणे कुटून, आणि गोळ्या त्याच्याबरोबर नाहीत.